ग्रॅकसला मारलं, कायदा ठेवला

दक्षिण इटलीत पोल्ला नावाचं गाव आहे. तिथे एक जुनी शिळा आहे, एकवीसशे वर्षांपूर्वीची. कुणा रोमन अधिकाऱ्याने आपल्या कामांची जंत्री तिच्यावर कोरून घेतली आहे. रेजिअम ते कापुआ रस्ता मी केला, सगळे मिळून ३२१ मैल. सिसिलीत पळालेले ९१७ गुलाम मी शोधून परत केले. आणि सरकारी जमिनीवरून मेंढपाळांना हटवून तिथे नांगरधाऱ्यांना बसवणारा पहिला मीच. ‘अमुक साहेबांच्या विशेष प्रयत्नांतून’ असले फलक चौकाचौकात वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना ही भाषा अजिबात परकी वाटणार नाही. गंमत अशी की वरचा भाग, जिथे नाव असायचं, नेमका तोच गेला आहे. बऱ्याच अभ्यासकांच्या मते हा माणूस म्हणजे इ.स.पू. १३२ चा कॉन्सल (वर्षभरासाठी निवडलेल्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक) पोपिलिअस लाएनास. काहींना दुसरी नावं पटतात.

तो पोपिलिअस असेल, तर या शिळेइतका कोडगा दगड जगात दुसरा नसेल. कारण त्या वर्षी याच पोपिलिअसने टायबेरियस ग्रॅकस या लोकप्रतिनिधीच्या माणसांवर खास चौकशी बसवली, काहींना देशाबाहेर हाकललं, काहींना ठार केलं. टायबेरियस स्वतः आदल्या वर्षीच मारला गेला होता. आणि त्याने काय केलं होतं? सरकारी जमिनीवर नांगरधाऱ्यांना बसवायचा कायदा.

शिळा पोपिलिअसची नसली, तरी माझा मुद्दा तिच्यावर टेकलेला नाही. सिनेट म्हणजे रोमच्या बड्या पुढाऱ्यांची सभा. तिथल्या ज्या सिनेटरांनी टायबेरियसला मारलं, त्यांनी त्याचा कायदा रद्द केला नाही. जमीन वाटणारं त्रिसदस्य आयोग खुनानंतरही चालू राहिलं. टायबेरियसची रिकामी जागा भरली, मोजणी झाली, हद्दीचे दगड रोवले गेले. ते दगड आजही सापडतात. जमीनदारांना आपली शेतं वाचवायची होती आणि म्हणून रक्त सांडलं, ही गोष्ट आपण पाठ्यपुस्तकापासून ऐकत आलो आहोत. मला ती अर्धीच पटते. शेतं हे भांडणाचं कारण होतं, खुनाचं नव्हे. जमीन वाटल्याचं श्रेय आणि त्या श्रेयातून येणारी माणसं एका घराच्या पदरात पडू नयेत, यासाठी खून झाला. आणि प्रजासत्ताकाला जे लागलं ते त्या दिवशी पडलेल्या रक्तापेक्षा, त्याबद्दल कुणालाच शिक्षा न झाल्यामुळे लागलं.

आधी जमिनीचं बघू. रोमने इटलीतली गावं जिंकली की त्यांच्या जमिनीचा एक हिस्सा रोमन जनतेच्या नावे व्हायचा. आपल्या गायरानासारखी मालकी सार्वजनिक आणि वहिवाट ज्याच्या अंगात जोर त्याची. कागदोपत्री मर्यादा होती: एकाने ५०० युगेरांपेक्षा जास्त सरकारी जमीन धरायची नाही. युगेरम म्हणजे बैलजोडी एका दिवसात नांगरेल तेवढी जमीन. हा शब्द ज्या ‘युगुम’वरून आला, तो आपल्या ‘जू’चाच लांबचा नातेवाईक. पाचशे युगेरा म्हणजे तीनशे एकरांच्या थोडं वर. आपल्या कमाल जमीनधारणा कायद्यातली कोरडवाहूची ५४ एकरांची मर्यादा डोक्यात ठेवून पाहिलं, तर ही मर्यादा म्हणजे शिक्षा नव्हे, मेजवानी होती. तरी ती कुणी पाळत नव्हतं. दुसऱ्यांच्या नावांवर जमिनी धरायच्या, ही युक्ती रोमनांनाही सुचली होती.

टायबेरियसचा कायदा याच जुन्या मर्यादेची अंमलबजावणी मागत होता, तीही सवलतीसह. ५०० युगेरा ठेवा, वर मुलामागे आणखी २५० ठेवा, आणि ठेवाल ते कायमचं तुमचं. उरलेली जमीन सरकारजमा होऊन भूमिहीनांना तुकड्यांनी मिळणार. हे तुकडे विकता येणार नव्हते. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ हा शेरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही अट कशासाठी ते सांगायला नको. विकायची मुभा दिली की दोन-चार वाईट वर्षांत तुकडा परत मूळ धन्याच्या दारात जातो.

प्रश्न फक्त गरिबीचा नव्हता. रोमच्या फौजेत भरती व्हायला काहीएक मालमत्ता लागायची. शेत गेलं की शेतकरी गेला आणि शेतकरी गेला की शिपाई गेला. तिकडे सिसिलीत इ.स.पू. १३५ पासून गुलामांचं बंड पेटलेलं होतं. ज्या शेतांवरून शिपायांची पोरं हटली, तिथे साखळीतले गुलाम राबत होते, आणि हे गुलाम आता मालकांवर उठले होते. छोटे शेतकरी खरोखर किती उद्ध्वस्त झाले यावर पुरातत्त्वाने शंका घेतली आहे, आणि रास्त घेतली आहे. रोमच्या उत्तरेला एट्रुरियात जमिनीवर फिरून केलेल्या पाहण्यांत छोटी शेतं अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त टिकलेली दिसतात. पण भरतीचा ताण खरा होता आणि तो सिनेटलाही दिसत होता.

म्हणूनच ‘टायबेरियसने घाई केली’ हा आक्षेप मला हास्यास्पद वाटतो. सावकाशीचा रस्ता आधी चालून झाला होता. गायस लेलिअस नावाच्या सज्जन, सुसंस्कृत पुढाऱ्याने काही वर्षांपूर्वी अशीच जमीनसुधारणा मांडायचं ठरवलं. बड्या मंडळींनी डोळे वटारले, त्याने प्रस्ताव मागे घेतला, आणि ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की तेव्हापासून लोक त्याला ‘शहाणा’ म्हणू लागले. पुढे इ.स.पू. १३२ मध्ये टायबेरियसच्या साथीदारांची उलटतपासणी चालू होती, तेव्हा सल्लागार म्हणून कोण बसला होता? हाच शहाणा लेलिअस.

आता टायबेरियसच्या चुका. त्या होत्या, आणि त्याच्या भक्तांनी त्या झाकू नयेत. तो इ.स.पू. १३३ चा ट्रिब्यून, म्हणजे सामान्य लोकांनी निवडलेला त्यांचा प्रतिनिधी. दहा ट्रिब्यून असत आणि त्यांतला एक जरी ‘नाही’ म्हणाला तरी काम अडायचं. मार्कस ऑक्टेव्हिअस म्हणाला. त्याच्याकडे स्वतःची बरीच सरकारी जमीन होती. टायबेरियसने म्हणे तिची भरपाई खिशातून द्यायची तयारी दाखवली. तो बधला नाही. टायबेरियसने खजिन्याला सील ठोकलं, सरकारी कामं बंद पाडली, आणि शेवटी ऑक्टेव्हिअसला पदावरून काढण्याचा ठराव लोकांपुढे आणला. मतदान गटवार व्हायचं, एकूण ३५ गट. सतरा गट ठरावाच्या बाजूने गेले. अठराव्याला बहुमत होणार होतं. टायबेरियस तिथे थांबला, सगळ्यांसमोर ऑक्टेव्हिअसला मिठी मारून त्याने विनवलं की अजून मागे घे. ऑक्टेव्हिअसचे डोळे भरले, तो गप्प राहिला. मग त्याने श्रीमंतांच्या घोळक्याकडे पाहिलं आणि म्हणाला, कर तुला काय करायचं ते. अठराव्या गटाचं मतही ठरावाच्या बाजूने पडलं.

मला हा सगळ्या कथेतला सर्वांत अवघड क्षण वाटतो. लोकांचा प्रतिनिधी लोकांच्याच विरोधात उभा राहिला तर लोकांनी त्याला का काढू नये, हा टायबेरियसचा युक्तिवाद बिनतोड आहे. पण ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावायचा नाही, त्याचं पद कुणी हिरावायचं नाही, हे जे कवच होतं ते त्याच्याही अंगावर होतं. ऑक्टेव्हिअसचं काढलं, तेव्हा स्वतःचंही सैल झालं.

कायदा झाला. मग सिनेटने त्याच्याशी जे केलं ते कुठल्याही सरकारी कचेरीत काम केलेल्या माणसाला ओळखीचं वाटेल: योजना मंजूर, तरतूद शून्य. आयोगाला तंबू हवा होता, तो सरकारी खर्चाने मिळणार नाही असं सांगितलं. रोजचा भत्ता ठरला नऊ ओबोल, म्हणजे थट्टाच. ही सूचना मांडणाऱ्याचं नाव स्किपिओ नासिका. त्याच सुमारास आशियातल्या पर्गामॉनचा राजा आत्तालस वारला आणि मृत्युपत्रात अख्खं राज्य रोमन जनतेला देऊन गेला. टायबेरियसने ठरवलं, हा पैसा नव्या शेतकऱ्यांच्या बी-अवजारांसाठी वापरू. पैसा आणि परराष्ट्राचे व्यवहार ही सिनेटची खाजगी ओसरी. तिथे हा सरळ आत शिरला. वर पुढच्या वर्षासाठी पुन्हा ट्रिब्यूनपदाला उभा राहिला, कारण पद गेलं की खटला ठरलेलाच होता.

निवडणुकीच्या दिवशी कॅपिटोल टेकडीवर ज्युपिटरच्या देवळापाशी लोक जमले होते. गलका इतका की टायबेरियसचा आवाज पोचेना. जिवाला धोका आहे हे सांगायला त्याने डोक्याला हात लावला. कुणीतरी पळत सिनेटमध्ये जाऊन सांगितलं, तो राजमुकुट मागतो आहे. नासिकाने कॉन्सलला म्हटलं, हुकूमशहाला संपवा. कॉन्सल म्युसिअस स्काएव्होला कायदेपंडित होता. तो म्हणाला, मी हिंसा सुरू करणार नाही आणि चौकशीशिवाय एकाही नागरिकाला मारणार नाही. (त्या दिवशी रोममध्ये शहाण्यासारखं बोललेलं हे बहुधा एकमेव वाक्य.) नासिका म्हणाला, कॉन्सलच राज्य बुडवतोय, ज्यांना कायदे वाचवायचे आहेत त्यांनी माझ्यामागे या. टोग्याचा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायच्या रोमन वस्त्राचा, पदर डोक्यावरून घेतला आणि तो निघाला. रोमन पुजारी बळी देताना डोक्यावर पदर घेतो. नासिका रोमचा प्रमुख पुरोहित होता.

लोकांनी सिनेटरांना पाहून वाट दिली, हातात काठ्या असूनही. वर्षानुवर्षांची मोठ्यांपुढे बाजूला व्हायची सवय. पळापळीत बाकं मोडली, त्यांचे पाय मोठ्यांच्या हाती लागले. टायबेरियस पळाला, कुणीतरी टोगा धरला, तो सोडून नुसत्या अंगरख्यावर धावला आणि खाली पडलेल्यांवर अडखळला. उठत होता तेवढ्यात बाकाच्या पायाचा पहिला फटका डोक्यात बसला. मारणारा त्याचाच एक सहकारी ट्रिब्यून होता. तीनशेहून जास्त माणसं मेली, सगळी काठ्या-दगडांनी, लोखंडाने एकही नाही. धाकट्या भावाने, गायसने, प्रेत मागितलं. दिलं नाही. रात्री सगळी प्रेतं टायबर नदीत फेकली.

नासिका हा टायबेरियसचा सख्खा मावसभाऊ. दोघांच्या आया हॅनिबलला हरवणाऱ्या स्किपिओच्या मुली. दुसरा मोठा विरोधक, स्किपिओ एमिलिआनस, हा टायबेरियसच्या बहिणीचा नवरा. या मेहुण्याला स्पेनमध्ये बातमी कळली, तेव्हा त्याने होमरची ओळ म्हटली: असं करणारा जो कोणी असेल, तो असाच मरो. उलट आयोगावर कोण होतं? टायबेरियस, धाकटा भाऊ आणि सासरा. बांध सरकला म्हणून दोन पिढ्या एकमेकांच्या लग्नाला न गेलेली घरं माझ्या आजोळी आहेत, त्यामुळे मला यात ‘श्रीमंत विरुद्ध गरीब’ याच्याइतकीच भाऊबंदकी दिसते. हजारो कुटुंबांना जमीन देणाऱ्या घराचे ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या मिंधी राहणार, आणि हे घर आपलं नसेल, ही ती कळ होती.

पुरावा म्हणून पुन्हा दगडांकडे येतो. कँपानिया आणि लुकानिया भागात सापडलेले आयोगाचे हद्दखांब गोल आहेत, माथ्यावर मोजणीच्या दिशा दाखवणाऱ्या रेषा, अंगावर तिघांची नावं: गायस सेंप्रोनिअस, अ‍ॅपिअस क्लॉडिअस, पब्लिअस लिसिनिअस. पहिला म्हणजे मारलेल्याचा भाऊ गायस ग्रॅकस. दुसरा मारलेल्याचा सासरा. तिसरा गायसचा सासरा. जमीन वाटणंच सहन होत नसतं, तर या मंडळींच्या हातात मोजणीची काठी राहिली असती का? इ.स.पू. १३१ च्या शिरगणतीत ३,१८,८२३ नागरिक नोंदले गेले, १२५ मध्ये ३,९४,७३६. एवढ्या वाढीचं सगळं श्रेय आयोगाला देणं धाडसाचं आहे, पण काम नुसतं कागदावर नव्हतं हे नक्की.

आयोगाच्या कामात अन्यायही होता, आणि तो बहुतेक लेखांत गाळला जातो. सरकारी जमिनीवर इटलीतल्या मित्रराज्यांचे लोकही कसत होते. ग्रीक इतिहासकार अ‍ॅपियन लिहितो की जुने कागद हरवलेले, सरकारी आणि खाजगी शेतं शेजारी-शेजारी, म्हणून सगळ्याचीच मोजणी लावली. कुणी द्राक्षबाग लावलेली जमीन सोडून उघड्या माळावर गेला, कुणी दलदलीत. या लोकांना रोमचं नागरिकत्व नव्हतं, म्हणजे मत नव्हतं, म्हणजे तुकडेही मिळणार नव्हते. रोमच्या गरिबांना न्याय द्यायला इटलीच्या शेतकऱ्यावर मोजणीदार सोडला. हे गाऱ्हाणं पुढे साठत गेलं आणि इ.स.पू. ९१ मध्ये त्यांना नागरिकत्व देऊ पाहणारा ट्रिब्यून ड्रुसस आपल्या घरात भोसकला गेला तेव्हा त्याचं युद्ध झालं.

आता खुनाच्या शिक्षेकडे. ट्रिब्यूनला इजा करणारा शापित, त्याला कुणीही मारावं, इतका जुना हा दंडक. नासिकावर खटला झाला नाही. लोक रस्त्यात शिव्या घालू लागले, तेव्हा सिनेटने त्याला सरकारी कामाच्या नावाखाली आशियात धाडलं. तो पर्गामॉनमध्ये मेला, ज्या राजाच्या पैशातून शेतकऱ्यांना नांगर मिळणार होते त्याच राजाच्या शहरात. मेहुणेबुवांना, म्हणजे स्किपिओ एमिलिआनसला, सभेत विचारलं, टायबेरियसच्या मृत्यूबद्दल काय मत? उत्तर: राज्य बळकावायचा त्याचा बेत असेल, तर योग्यच मारला. हा ‘असेल, तर’ पुढच्या शंभर वर्षांत कितीजणांच्या गळ्याभोवती पडला त्याला हिशेब नाही.

पहिला बळी धाकट्या भावाचा. गायस इ.स.पू. १२३ आणि १२२ मध्ये ट्रिब्यून झाला. स्वस्त धान्य, नव्या वसाहती, मित्रराज्यांना हक्क, सगळ्यालाच हात घातला. १२१ मध्ये एका चकमकीत कॉन्सलचा एक नोकर मेला आणि सिनेटने ठराव केला की राज्याला धोका पोचू नये यासाठी कॉन्सलने वाटेल ते करावं. कॉन्सल होता ल्युसिअस ओपिमिअस, ज्याने चार वर्षांपूर्वी हक्क मागणारं फ्रेजेल्ली हे गाव जमीनदोस्त केलं होतं. या वेळी बाकाचे पाय नव्हते, क्रीटचे तिरंदाज होते. गायसच्या डोक्याच्या वजनाइतकं सोनं जाहीर झालं. डोकं आणणाऱ्याने आत शिसं ओतून आणलं, ते साडेसतरा पौंडांच्या वर भरलं, आणि सोनं मिळालं. मेलेल्यांचा आकडा प्लुटार्क ३,००० देतो.

ओपिमिअसवर मात्र खटला झाला, इ.स.पू. १२० मध्ये, विनाचौकशी नागरिक मारल्याचा. त्याची बाजू मांडली त्या वर्षीच्या कॉन्सल कार्बोने, जो एके काळी ग्रॅकसांच्याच जमीन आयोगावर होता. ओपिमिअस निर्दोष सुटला. त्याने फोरममध्ये, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, ‘एकोप्या’च्या देवीचं देऊळ बांधलं, रात्री कुणीतरी त्यावर लिहिलं की दुहीच्या कामातून एकोप्याचं देऊळ उभं राहिलं. दहा-अकरा वर्षांनी आफ्रिकेतल्या राजा जुगुर्थाकडून लाच खाल्ल्याबद्दल तो दोषी ठरला. तीन हजार नागरिक मारले, ते चाललं.

आणि जमीन? आधी तुकडे विकायची मुभा आली. श्रीमंतांनी लगेच विकत घ्यायला, काही ठिकाणी दमदाटीने घ्यायला सुरुवात केली. मग वाटप थांबलं. इ.स.पू. १११ च्या कायद्याने इटलीतली बरीचशी सरकारी जमीन ताबेदारांच्या खाजगी मालकीची केली. आपल्या भाषेत, अतिक्रमणं नियमित झाली. त्या कायद्याचे तुकडे एका काशाच्या पत्र्यावर सापडले आहेत. पत्र्याच्या पुढच्या बाजूला ग्रॅकसांच्या काळातला, खंडणीखोर अधिकाऱ्यांना शिक्षा करणारा कायदा कोरलेला आहे. १११ चा कायदा मागच्या खडबडीत बाजूवर.

भूमिहीनांना आता जमीन देणारा एकच मालक उरला: त्यांचा सेनापती. इ.स.पू. ८८ मध्ये सुल्ला रोमन फौज घेऊन रोमवरच चालून आला. ८२ मध्ये पुन्हा जिंकल्यावर त्याने मारायच्या माणसांच्या याद्या चौकात लावल्या, ज्याचं नाव त्याची मालमत्ता जप्त. क्विंटस ऑरेलिअस नावाचा कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेला माणूस यादी वाचायला गेला, तर त्यात त्याचंच नाव. तो म्हणाला, मेलो, माझी आल्बाची वाडी माझ्या जिवावर उठली. थोडं अंतर गेला नाही तोच मारेकऱ्याने गाठलं. मग इ.स.पू. ४३ मध्ये तिघा सेनापतींनी शिपायांना इटलीतल्या १८ संपन्न गावांची जमीन कबूल केली. कवी होरेसच्या बापाची शेती अशीच गेली. मांटुआ गावाची शेतंही गेली, त्याचा दोष एवढाच की ते जमीन वाटल्या गेलेल्या क्रेमोनाच्या शेजारी होतं.

‘जमीन वाटली तर अराजक येईल’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: जमीन वाटली गेलीच ना? शेवटी ती घेणाऱ्याने तीनशे एकर आणि पोरामागे दीडशे ठेवा असं म्हटलं नाही. ठेवायचं काहीच नव्हतं. सरकारी जमीनही नव्हे, बापजाद्यांची खाजगी जमीन गेली, आणि तीसुद्धा कुठल्याही ट्रिब्यूनच्या ‘नाही’ला न जुमानता.

त्या तिघांत शेवटी उरला तो ऑगस्टस. त्याने आपल्या कामांची जंत्री मागे ठेवली, पोल्लाच्या शिळेच्याच थाटात, पण नावासकट. त्यात तो सांगतो की शिपायांसाठी इटलीतली जमीन मी पैसे मोजून घेतली, साधारण ६० कोटी सेस्टर्स (रोमन नाणी). प्रांतांतल्या जमिनीला आणखी २६ कोटी. आणि असं करणारा आजवरचा मी पहिला आणि एकटाच. त्याच जंत्रीत दुसरी एक नोंद आहे. कॉन्सलपद वगैरे सोडून दिल्यावर त्याने जी सत्ता हाती ठेवली, ती होती ट्रिब्यूनची: लोकांच्या प्रतिनिधीची, जिच्या अंगाला हात लावायचा नाही. टायबेरियस तिच्यासाठी दुसऱ्या वर्षी उभा राहिला म्हणून मेला. ऑगस्टसच्या नोंदीप्रमाणे त्याचं ते सदतिसावं वर्ष चालू होतं.